चौकशीची खोली

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या जिन्यापाशी जरा थांबलात तर एक फ्लेक्स हमखास दिसतो. वर संस्थेचं बोधचिन्ह, मध्ये रॅगिंगविरोधी समिती, तिच्याखाली ‘विशाखा समिती’, मग सात-आठ नावं आणि नावांपुढे मोबाइल नंबर. ती नावं एकदा नीट वाचावीत. त्यांतल्या एक मॅडम केव्हाच निवृत्त झालेल्या असतात. बाहेरच्या सदस्य म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांना आपण अजून समितीवर आहोत हे आठवत नसतं. आणि ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ असलेली मुलगी एव्हाना पुण्यात हिंजवडीला नोकरी करत असते. फ्लेक्स मात्र बऱ्यापैकी चकचकीत असतो, कारण तो नॅकची टीम येण्याच्या आदल्या आठवड्यात लावलेला असतो.

‘विशाखा कोण?’ असं मुलांना विचारलं की उत्तर येतं, जिच्यावर अन्याय झाला ती बाई. तसं नाही. विशाखा ही जयपूरची संस्था. बाईचं नाव भंवरी देवी. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती ‘साथिन’ म्हणून काम करत होती. भटेरी गावात एक बालविवाह थांबवायला गेली, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. बाई सरकारी कामावर होती, तिच्यावर हे ओढवलं ते कामामुळे, मग काम देणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न घेऊन काही महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश वर्मांच्या त्या खंडपीठात न्या. सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. कायदा नव्हता म्हणून न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि कायदा येईपर्यंत याच कायद्यासारख्या पाळा म्हणून सांगितलं. कायदा यायला २०१३ साल उजाडलं. तोवर ‘विशाखा’ हे नाव महाराष्ट्राच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की पुढे कायद्याने ‘अंतर्गत तक्रार समिती’ म्हटलं, नंतर दुरुस्ती करून नुसतं ‘अंतर्गत समिती’ केलं, तरी आपल्याकडे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे विशाखाच म्हणतात.

मी अशा एका समितीवर काही वर्षं बाहेरची सदस्य होते. कुठल्या महाविद्यालयात ते सांगत नाही, आणि तिथे काय आलं तेही सांगणार नाही. कायद्याच्या सोळाव्या कलमाने तशी बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण खोली कशी होती हे सांगायला कायद्याची हरकत नसावी.

ती राष्ट्रीय सेवा योजनेची खोली होती. कोपऱ्यात फावडी, घमेली, वृक्षारोपणाचं बॅनर. समितीसाठी वेगळी जागा नव्हती आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसायला आमच्या अध्यक्ष मॅडमनी ठाम नकार दिला होता. ‘त्या केबिनमध्ये शिरलेली मुलगी अख्ख्या कॉलेजला दिसते,’ एवढंच त्यांचं कारण. तेव्हा मला ते बारीकसारीक वाटलं होतं. पुढे कळलं की तक्रार टिकते किंवा विरते ती अशाच बारीकसारीक गोष्टींवर. मुलगी कुठल्या जिन्याने येते, बाहेर बाकावर कोण बसलंय, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो त्याच वेळी व्हरांड्यात उभा आहे का, शिपाई चहा घेऊन मध्येच दार उघडतो का.

आणि जबाब कोण टाइप करतं. हा मुद्दा कुठल्याही नियमावलीत नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात आधी शिकवायला हवा तो हाच. आमच्याकडे ऑफिसातले एक क्लार्क यायचे. सज्जन गृहस्थ, मराठी टायपिंगचा हात चांगला. मुलगी सांगायची, ‘सरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, तुझे मार्क माझ्या हातात आहेत.’ क्लार्कसाहेब टाइप करायचे, ‘सदर प्राध्यापकांनी अर्जदार हिचेशी गैरवर्तन करून लज्जा उत्पन्न होईल असे वक्तव्य केले.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पोलिसी पंचनाम्याची मराठी त्यांना अधिकृत वाटायची. पण त्या एका वाक्यात दार गेलं, मार्क गेले, धमकी गेली. उरलं ते ‘गैरवर्तन’, म्हणजे कशालाही लावता येईल असं एक लेबल. वर्तमानपत्रांत ‘विनयभंग’ हा शब्द असाच सगळ्याला पुरतो. चौकशी समितीला असा शब्द चालत नाही, कारण समोरच्याने आरोप नाकारला की तपासायला हातात तपशील लागतो, आणि तपशील टायपिस्टने आधीच गाळलेला असतो. शेवटी आम्ही ठरवलं की जबाब मुलीच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत उतरवायचा. ‘त्यानी मले म्हटलं’ असेल तर तसंच. क्लार्कसाहेबांना हे फार खटकलं. ‘मॅडम, उद्या कोर्टात गेलं तर हसतील,’ असं ते म्हणत. खरं तर कोर्टात नेमकं उलटं होतं, आणि चौकशी कोर्टात कशाने टिकते याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला.

गोव्याकडे जाण्याआधी पुण्यातलं एक पत्र. विशाखा निकाल लागला, वर्षं गेली, आणि बहुतेक सरकारी खात्यांत, विद्यापीठांत समित्या झाल्याच नाहीत. जिथे झाल्या तिथे समितीने अहवाल दिला तरी संस्था म्हणायची, हा नुसता प्राथमिक अहवाल, आता आम्ही नियमाप्रमाणे वेगळी खातेनिहाय चौकशी लावतो. म्हणजे बाईने सगळं पुन्हा सांगायचं, या वेळी अनोळखी चौकशी अधिकाऱ्यासमोर. पुण्यातल्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी हे सर्वोच्च न्यायालयाला कळवलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. त्यात २००४ मध्ये आलेला एक आदेश फार मोलाचा होता: तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल समजायचा. अंतिम निकाल २०१२ मध्ये लागला, पण २००४ च्या या आदेशाने चित्र पालटलं. बाईची दुहेरी परवड थांबली. आणि त्याच आदेशाने इतिहास, रसायनशास्त्र, वाणिज्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर एक असं काम येऊन पडलं ज्याचं त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. त्यांचा अहवाल आता नुसता सल्ला राहिला नव्हता, त्याच्या जोरावर माणसाची नोकरी जाणार होती.

ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. २००९ च्या मार्चमध्ये तिथल्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. विद्यापीठात स्थायी समिती होती, तिने काम सुरू केलं. एकूण अठरा बैठका झाल्या. सुरुवातीला सगळं रीतसर होतं. नोटिसा गेल्या, उत्तरं आली. मग मे महिन्यात बैठकांवर बैठका. प्राध्यापकाने प्रकृतीचं कारण देऊन मुदत मागितली. समितीने त्याच्या अनुपस्थितीतच काम पुढे रेटलं. जूनच्या सुरुवातीला अहवाल तयार झाला आणि त्यात सेवेतून काढण्याची शिफारस होती. विद्यापीठाने आधी एका निवृत्त न्यायमूर्तींना चौकशी अधिकारी नेमलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की २००४ च्या आदेशामुळे याची गरजच नाही. ती चौकशी गुंडाळली, समितीचा अहवाल हाच अंतिम धरला आणि २०१० मध्ये प्राध्यापकाला बडतर्फ केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०१२ मध्ये ते कायम ठेवलं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १२ मे २०२३ रोजी. न्या. बोपण्णा आणि न्या. हिमा कोहली यांनी बडतर्फी रद्द केली. प्राध्यापक निर्दोष आहे असं न्यायालय म्हणालं नाही. ते एवढंच म्हणालं की समितीने शेवटी शेवटी जी घाई केली, तिने सगळी चौकशीच नासवली. समितीच्या चौकशीसाठीच्या सरकारी नियमात एक छोटीशी सवलत आहे: नेहमीची कार्यपद्धती ‘शक्य तितपत’ पाळावी. विद्यापीठाचा सगळा बचाव या दोन शब्दांवर उभा होता. न्यायालयाने सांगितलं, ‘शक्य तितपत’ म्हणजे ‘वाटेल तितपत’ नाही. आणि प्रकरण परत समितीकडे पाठवलं, २००९ च्या ५ मे रोजी ते जिथे होतं तिथून पुन्हा सुरू करायला.

हा निकाल वाचताना मला त्या प्राध्यापकापेक्षा तक्रार करणाऱ्या मुली जास्त आठवत राहिल्या. २००९ मध्ये विशीत असणार, निकाल आला तेव्हा पस्तिशीच्या आसपास. कुणाची लग्नं झाली असतील, कुणी गोवा सोडला असेल. चौदा वर्षांनी त्यांना सांगायचं, बाई गं, ये परत, पुन्हा सांग. ही शिक्षा त्यांना कुणी दिली? प्राध्यापकाने नाही, न्यायालयानेही नाही. मुलींच्या बाजूने उभं राहायचं म्हणून ज्यांनी घाई केली, त्यांनीच नकळत दिली. आरोपीला पुरेशी संधी द्या म्हटलं की आपल्याकडच्या अनेक कार्यकर्त्या वैतागतात. एके काळी मीही वैतागायचे. गोव्याचा निकाल वाचल्यापासून माझं मत पक्कं बदललं आहे. नोटीस वेळेवर द्यायची, तक्रारीची प्रत द्यायची, मुदत मागितली तर ती देताना किंवा नाकारताना कारण लिहायचं, साक्षीदार तपासायची संधी द्यायची, ही सगळी उस्तवार तक्रारदार मुलीसाठीच करायची असते. तिला पुन्हा त्या खोलीत यावं लागू नये म्हणून.

संधी द्यायची म्हणजे मुलीला त्याच्यासमोर उभं करून उलटतपासणी घ्यायची, असं मात्र नाही, आणि हेही सर्वोच्च न्यायालयानेच फार पूर्वी सांगितलं आहे. १९७३ चं रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचं प्रकरण. मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात रात्री काही मुलं घुसली, तिथे नागडेपणाने हिंडली. छत्तीस मुलींनी गोपनीय तक्रार केली. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या पाठीमागे घेतले, काही मुलींना छायाचित्रं दाखवून ओळख पटवली, आणि मग मुलांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. मुलं न्यायालयात गेली: आमच्यासमोर साक्ष झाली नाही, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला. न्यायालयाने ते फेटाळलं. या मुलींना उघड साक्षीला बोलावलं असतं तर कॉलेजबाहेर त्यांना सुरक्षित फिरता आलं नसतं, आणि नैसर्गिक न्यायाचं माप प्रत्येक ठिकाणी एकच नसतं, असा त्याचा आशय. १९७३ आणि २०२३, बरोबर पन्नास वर्षांचं अंतर. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर एका समितीला काय करायला हवं ते जवळजवळ सगळं कळतं: मुलीला झाकायचं, आरोप झाकायचा नाही. आज बऱ्याच समित्या पडदा लावतात, किंवा आरोपीचे प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांच्या तोंडून विचारतात. वकिलांना मात्र समितीसमोर प्रवेश नाही. २०१३ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. बरं झालं, असं मला तरी वाटतं.

२०१३ चा कायदा मुख्यतः नोकरी करणाऱ्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता. विद्यार्थिनी कामगार नसते, पगार घेत नसते, आणि तिचं ‘कामाचं ठिकाण’ कधी वर्ग असतं, कधी वसतिगृह, कधी सहलीची बस. म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने वेगळे विनियम केले. नाव २०१५ चं, राजपत्रात आले २ मे २०१६ रोजी. काही बाबतींत ते कायद्याच्या पुढे गेले. मुख्यतः मुलींचं संरक्षण, पण छळ काही मुलग्यांचा आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही होतो, हे त्यांनी लिहून मान्य केलं. समितीवर अध्यक्ष म्हणून वरिष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी, निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर बसता येणार नाही. तक्रार आली की सात दिवसांत समोरच्याला प्रत, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, संस्थेची कृती तीस दिवसांत. पाळलं नाही तर अनुदान थांबू शकतं.

कागदावर हे चांगलं आहे. आता ते महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात नेऊन बसवा.

अध्यक्षपदासाठी महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक असलेली महिला हवी. वर्षानुवर्षं प्राध्यापक भरती रखडली आहे. कला शाखेत तीन कायम आणि बाकी सगळे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, अशी स्थिती नवी नाही. ती एक वरिष्ठ मॅडम आधीच परीक्षा विभाग, नॅक आणि एनएसएस सांभाळत असतात. त्यांनाच विशाखाही मिळते. सीएचबीवरच्या तरुण प्राध्यापिकेला समितीवर घेतलं तर तिची पुढच्या जूनची नेमणूक संस्थाचालकाच्या सहीवर अवलंबून असते, आणि तक्रार समजा संस्थाचालकाच्या भाच्याविरुद्ध असली तर तिने काय करायचं? स्वतः त्या प्राध्यापिकेची काही तक्रार असेल तर ती तोंडच उघडत नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांत सर्वाधिक असुरक्षित कोण, असं मला विचारलं तर मी विद्यार्थिनीच्या आधी सीएचबीचं नाव घेईन. विद्यार्थिनी तीन वर्षांनी बाहेर पडते.

निवडून आलेले विद्यार्थी ही दुसरी गंमत. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात खुल्या विद्यार्थी निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या नव्या कायद्याने त्या परत आणल्या खऱ्या, पण त्या लांबणीवरच पडत राहिल्या. अशा राज्यात समितीवरचा विद्यार्थी ‘पारदर्शक लोकशाही प्रक्रियेने’ निवडायचा आहे. मग होतं काय, की विभागप्रमुख एखाद्या हुशार, शांत मुलीला बोलावून सांगतात, ‘तुझं नाव टाकलंय हं.’ गुणवत्ता यादीतल्या त्या मुलीकडे कुणी तक्रार घेऊन जात नाही. जातात ते वसतिगृहातल्या त्या थोराड, मोठ्या आवाजाच्या ताईकडे, जिचं नाव कुठल्याच समितीत नसतं.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात उलटं घडलं. तिथे १९९९ पासून विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असलेली जीएसकॅश नावाची समिती होती. कायदा येण्याच्या चौदा वर्षं आधीपासूनची. सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाने ती मोडीत काढली, आणि कारण दिलं ते नव्या विनियमांचं. त्यानंतर महिनाभरात एका तरुण विधी विद्यार्थिनीने लैंगिक छळाचा आरोप असलेल्या, विद्यापीठीय क्षेत्रातल्या पुरुषांच्या नावांची यादी समाजमाध्यमावर टाकली. काही ज्येष्ठ स्त्रीवाद्यांनी म्हटलं, रीतसर प्रक्रियेने चला. तरुण मुलींनी विचारलं, कुठल्या? या भांडणात कुणाची बाजू घ्यायची हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण यादी बाहेर आली याचा अर्थ खोलीवरचा विश्वास गेला होता, एवढं खरं.

नव्या विनियमांतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं कलम कुणी फ्लेक्सवर छापत नाही. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं, परीक्षेचं मूल्यमापन करू देऊ नये, असं ते सांगतं. विद्यापीठातली सत्ता कुठे असते हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच हे वाक्य सुचलं असणार. तिथे सत्ता खुर्चीपेक्षा सहीत असते. अंतर्गत गुणांची सही, प्रॅक्टिकलच्या जर्नलवरची सही, आणि पीएचडीच्या सहामाही प्रगती अहवालावरची सही. एमएला पर्यायी विषयाचे एकच सर असतात. पीएचडीला तर एकच गाइड. संशोधक मुली या शब्दाचा उच्चारच असा करतात, की ‘गाइड’ म्हणजे सासर वाटावं: ‘गाइड चांगले मिळाले गं तुला.’ गाइड बदलायचा तर विद्यापीठात अर्ज, संशोधन समितीची मान्यता, आणि सर्वांत अवघड म्हणजे दुसरा कुणी घ्यायला तयार हवा. त्याच विषयातले सगळे गाइड एकमेकांच्या मौखिक परीक्षेला जातात. कोण कुणाची विद्यार्थिनी घेणार?

म्हणून तक्रार आली की समितीचं पहिलं काम चौकशी नसून हे मार्क, ही सही त्या माणसाच्या हातातून आजच्या आज काढून घेणं हे आहे. त्याला शिक्षा म्हणून नाही, तिला श्वास मिळावा म्हणून. परीक्षा विभागाला एक पत्र, बाहेरच्या परीक्षकाला एक फोन. आम्ही हे पहिल्यांदा करायला गेलो तेव्हा परीक्षा विभागाने विचारलं, ‘कुठल्या परिपत्रकानुसार?’ आम्ही विनियमांची प्रत जोडली. ‘पण यात नमुना कुठे आहे?’ असं विचारत फाइल दोनदा परत आली. महाविद्यालयात बदल होतो तो नमुन्याने, हे मी तिथे शिकले. ज्या गोष्टीचा छापील नमुना नाही ती गोष्ट अस्तित्वात नसते. मग आमच्या मॅडमनीच बसून एक नमुना तयार केला. पुढे दोन-तीन महाविद्यालयांनी तो मागून नेला. माझ्या मते त्या समितीने केलेलं सगळ्यात टिकाऊ काम तेच.

मुदतीचं गणितही असंच कॅम्पसला न बसणारं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, समितीला पटलं तर आणखी तीन महिने. कार्यालयाच्या हिशेबाने ठीक आहे. पण मुलगी हिशेब सत्राने करते. निकाल लागू दे, गुणपत्रिका हातात पडू दे, मग बोलते. फेब्रुवारीत घडलेलं ती ऑगस्टमध्ये सांगते आणि मुदत संपलेली असते. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातलं प्रकरण याच मुद्द्यावर अडलं. तिथल्या एका प्राध्यापिकेची तक्रार थेट कुलगुरूंविरुद्ध होती, म्हणून ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेली. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबरची. मुदतीबाहेर म्हणून समितीने ती आत घेतलीच नाही. १२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मुदतीचा तो नियम मोडला नाही, न्या. पंकज मिथल आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी तक्रार मुदतबाह्य ठरवली. पण जाता जाता एक आगळा आदेश दिला: हा निकाल त्या कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग राहील. चौकशीविना अशी नोंद? गोव्याच्या निकालाशेजारी ठेवून वाचलं की डोकं चक्रावतं. आरोप सिद्ध झाला नाही, नाकारलाही गेला नाही, आणि माणसाच्या नावाला मात्र कायमचा चिकटला. कायद्यातली मुदतच मोठी असती तर हे दोघांच्याही वाट्याला आलं नसतं.

अमेरिकेत तर हे सगळं सरकारबरोबर हेलकावे खातं. २०११ मध्ये ओबामांच्या शिक्षण विभागाने एका पत्राने विद्यापीठांसाठीचे नियम कडक केले, २०२० मध्ये ट्रम्प यांच्या काळात थेट सुनावणी आणि उलटतपासणी सक्तीची झाली, २०२४ मध्ये बायडेन यांनी ती सैल केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतल्या एका संघीय न्यायालयाने ते नवे नियमच रद्द केले, की पुन्हा २०२० चे लागू. आपली जी मुलं तिकडे शिकायला जातात त्यांना प्रवेशाच्या वेळी मिळालेलं नियमांचं पुस्तक पदवी घेईपर्यंत बदललेलं असू शकतं. आपल्याकडे निदान नियम एका जागी थांबले आहेत. हलत नाही ती अंमलबजावणी.

तिची गाडी अडते तेव्हा काय होतं हे जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोरला दिसलं. फकीर मोहन महाविद्यालयात बीएडचं शिक्षण घेणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. समिती होती, तक्रार समितीकडे गेलीही होती. १२ जुलैला तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं. दोन दिवसांनी भुवनेश्वरच्या एम्समध्ये ती गेली. विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघांना अटक झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने चौकशी पथक नेमलं. दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातल्या महाविद्यालयांत समितीची अद्ययावत माहिती चोवीस तासांत पाठवा म्हणून फोनाफोनी सुरू झाली, आणि जिन्यापाशी नवे फ्लेक्स लागले. या वेळी नंबर बरोबर होते. मी एकावर फोन लावून पाहिला. पलीकडून एक मॅडम म्हणाल्या, ‘हो, मीच. बोला, काय झालं?’ मला काहीच झालेलं नव्हतं, त्यामुळे ओशाळले. पण तो आवाज ऐकून बरं वाटलं.

गोव्याच्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना, विद्यापीठांना, महाविद्यालयांना समित्या तपासायला, त्यांची माहिती संकेतस्थळावर टाकायला आणि सदस्यांना प्रशिक्षण द्यायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा तारखा लावून दिल्या. माहिती टाकून झाली, कारण ती टाकता येते. प्रशिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी एक वक्ता, एक प्रोजेक्टर आणि शेवटी चहा-बिस्किटं. कायद्याची कलमं वाचून दाखवली जातात. नोटीस कशी लिहायची, रडणाऱ्या मुलीला पुढचा प्रश्न कधी विचारायचा, आरोपी प्राध्यापक आपला वीस वर्षांचा सहकारी असताना त्याच्या डोळ्यांत बघून ‘तुमचं यावर काय म्हणणं आहे?’ कसं म्हणायचं, हे कुणी सांगत नाही. आमच्या मॅडम आपल्या त्या सहकाऱ्याला चौकशीच्या काळात व्हरांड्यात भेटल्या तर ‘नमस्कार’ म्हणायच्या आणि थांबायच्या नाहीत. त्या नव्वद दिवसांत स्टाफरूममधला डबा त्यांनी एकटीने खाल्ला. पुढे निवृत्तीच्या निरोप समारंभाला निम्मा स्टाफ आला नाही.

माझी मुदत संपण्याआधीची शेवटची सुनावणी आठवते. प्रकरण सांगत नाही. एक शब्द तेवढा सांगते. जबाब टाइप होऊन आला होता, मुलीने तो वाचायला घेतला. आता क्लार्कसाहेबही तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे, तरी सवयीने एका ठिकाणी ‘मला लज्जा वाटली’ असं आलंच होतं. मुलगी तिथे थांबली. म्हणाली, ‘सर, मी हे नाही म्हटलं. मला राग आला होता.’ त्यांनी चष्मा काढला, कागदाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, ‘बदला.’ प्रिंटर प्राचार्यांच्या केबिनबाहेर होता आणि त्यातली शाई संपली होती. नवी कार्ट्रिज स्टोअरमधून येईपर्यंत पाऊण तास गेला. आम्ही सगळे फावड्या-घमेल्यांच्या त्या खोलीत बसून राहिलो, मुलगीही. मग कागद आला, तिने पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि सही केली.